पोट साफ होत नाही? जंतूंची कॅप्सूल घेण्याआधी हे बघा

उरण, करंजा, जासई, चिरनेर या पट्ट्यातून आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. कित्येक महिने पोट नीट साफ होत नाही. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं की आतड्यातले चांगले जंतू मेले आहेत. मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणल्या, पैसे गेले, खडा होतो तो होतोच. आता कॅप्सूल बदलू का? जंतूंची तपासणी करून घेऊ का? आणि सोनामुखीचं चूर्ण वर्षानुवर्षं घेणारे हळूच विचारतात, त्यानंच जंतू मेले नसतील ना?

आतड्यातल्या जंतूंचा आणि बद्धकोष्ठतेचा संबंध आहे, यात शंका नाही. पण जंतू बाहेरून विकत आणणं हा त्यावरचा पहिला उपाय नाही, दुसराही नाही. आधी करायच्या गोष्टी स्वस्त आणि कंटाळवाण्या आहेत, त्यामुळे त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

आधी ठरवा, ही बद्धकोष्ठताच आहे का

सकाळच्या चहाबरोबर पोट मोकळं झालं नाही तर दिवस फुकट गेला, असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ. एखादा दिवस चुकला म्हणजे आजार झाला असं नाही. पोटविकारतज्ज्ञ यासाठी 'रोम ४' नावाचे निकष वापरतात. खालच्यापैकी दोन किंवा जास्त गोष्टी गेले तीन महिने चालू असतील आणि त्रासाला सुरुवात होऊन सहा महिने उलटले असतील, तर त्याला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात:

- चारांत एकापेक्षा जास्त वेळा कुंथावं लागतं
- शौचाला खडा किंवा गाठीगाठी होतात
- जाऊन आल्यावरही आत राहिल्यासारखं वाटतं
- शौच अगदी दाराशी येऊन अडतं
- बोटाने काढावं लागतं किंवा दाबून वाट करून द्यावी लागते
- आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौच होतं

यातला शेवटचा आकडा आपल्याला सैल पडतो. भारतात बहुतेक माणसं रोज एकदा तरी जातात. म्हणून आपल्याकडचे तज्ज्ञ किती वेळा जाता यापेक्षा शौच कसं होतं आणि किती कुंथावं लागतं याला जास्त वजन देतात. रोज जाणाऱ्यालाही बद्धकोष्ठता असू शकते, हे लक्षात घ्या.

दोन आठवडे नोंद ठेवा. दूधवाल्याचे खाडे ज्या कॅलेंडरवर लिहिता त्याच चौकटीत 'ख' म्हणजे खडा, 'ब' म्हणजे बरं, 'कु' म्हणजे कुंथून, एवढं लिहिलं तरी पुरे. डॉक्टरला तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

यातलं काही असेल तर घरगुती उपाय थांबवा

- शौचातून रक्त जाणं किंवा शौच डांबरासारखं काळं होणं (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते ठरवणं डॉक्टरवर सोडा)
- प्रयत्न न करता वजन उतरणं
- रक्त कमी असल्याचं तपासणीत निघणं
- पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर सवय अचानक बदलणं
- आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणं
- पोट फुगून वायूही न सरणं आणि उलट्या होणं. यात उद्याची वाट बघू नका, तडक रुग्णालय गाठा

'मूळव्याधीचंच रक्त असेल' असं घरच्या घरी ठरवून वर्ष काढणारे लोक आम्हाला माहीत आहेत. मूळव्याध आहे हेसुद्धा कुणीतरी तपासून सांगावं लागतं.

जंतू नेमकं काय करतात

निर्णय घेण्यापुरतंच सांगतो. तुम्ही खाल्लेला चोथा, म्हणजे अन्नातलं फायबर, तुम्हाला पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जंतूंना पचतो. तो खाऊन ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. या आम्लांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं आणि आतडं हलतं राहायला मदत होते. शौचाच्या कोरड्या वजनातला मोठा वाटा या जंतूंचाच असतो. त्यांना खायला मिळालं की ते वाढतात, आणि शौचाचा आकारही वाढतो. उलट काही सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. ज्यांच्या पोटात हा वायू जास्त, त्यांचं आतडं मंद चालतं असं दिसून आलं आहे.

आता खरी मेख. शौच आतड्यात जास्त काळ पडून राहिलं की जंतूंचं खाणं संपतं आणि त्यांची वस्तीच बदलते. म्हणजे जंतू बिघडले म्हणून पोट अडलं, की पोट अडलं म्हणून जंतू बिघडले, हे एकट्या माणसाच्या बाबतीत सहसा सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी ओढाताण चालू असते. म्हणून 'तुमचे चांगले जंतू मेले' असं ठासून सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: कशावरून?

जंतूंची तपासणी करून घ्यावी का?

नको. घरी डबी येते, नमुना कुरिअरने जातो, काही हजार रुपये मोजले की रंगीत अहवाल हातात पडतो. अमुक जंतू कमी, तमुक जास्त. या अहवालावरून तुमच्या बद्धकोष्ठतेचा उपचार आज तरी बदलत नाही. २०२४ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन, रुग्णाने अशी तपासणी परस्पर मागवू नये आणि अहवाल देणाऱ्या कंपनीने त्यावरून उपचार सुचवू नयेत, असंच सांगितलं.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यातले जंतू इतर देशांतल्या लोकांशी ताडून पाहिले. भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या गटांचे जंतू ठळकपणे जास्त निघाले. धान्य-कडधान्यांवर पोसलेल्या पोटात हे अपेक्षितच आहे. मग अमेरिकन पोटावरून काढलेल्या 'निरोगी' मापात जासईच्या माणसाला नापास करून काय मिळणार?

उरणच्या ताटात चोथा कुठे आहे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक चोथा सांगितला. आता आपलं ताट बघा. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात आणि कालवण, रात्री पुन्हा भात किंवा भाकरी, सोबत बोंबील, जवळा नाहीतर सुकट. मासळी उत्तम अन्न आहे, पण चोथा शून्य. १०० ग्रॅम सडीक तांदळात चोथा जेमतेम ३ ग्रॅम, तर तेवढ्याच नाचणीत ११, बाजरीतही ११ च्या वर, ज्वारीत १० च्या आसपास. भाकरी बदलायला कुणी तयार नसतं, ते आम्हाला कळतं. तांदळाच्या पिठाची उकड काढून थापलेल्या भाकरीची मऊ चव नाचणीला नाही. पण दोनातली एक भाकरी नाचणीची केली तर भांडण होणार नाही.

जंतूंना पोसणाऱ्या गोष्टी इथे घरोघरी आहेत:

- कांदा, लसूण. यातला फ्रुक्टन नावाचा घटक जंतूंचं आवडतं खाणं. अलिबागचा पांढरा कांदा कच्चा खाल्ला तरी चालतो.
- वाल, पावटा, चवळी, मटकी, मूग. बिरड्याचे वाल आपण मोड आणून सोलतो आणि चोथ्याचा मोठा भाग सालीबरोबर टाकतो. बिरडं सोडू नका. आठवड्यात दोन दिवस सालासकट शिजणारी चवळी किंवा मूग त्याच्या जोडीला करा.
- पेरू. १०० ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम चोथा. बियांची भीती सोडा, चावून खा.
- पालेभाज्या आणि शेवग्याच्या शेंगा. कालवणात टाकल्या तरी पोटात जातातच.
- गार झालेला भात. शिजलेला भात गार केला की त्यातल्या स्टार्चचा थोडा भाग आतड्यात न पचता जंतूंपर्यंत पोचतो. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, लवकर फ्रिजमध्ये टाका. उरणच्या उकाड्यात उघड्यावर राहिलेल्या भाताने उलट्या-जुलाब होऊ शकतात.

चोथा एकदम वाढवलात तर पोट फुगेल आणि तुम्ही चौथ्या दिवशी सगळं सोडून द्याल. आठवड्याला एक बदल करा. ज्यांचं पोट मुळातच फुगतं त्यांनी कांदा-कडधान्याने सुरुवात न करता खालच्या इसबगोलने करावी.

पाण्याबद्दल खूप सांगितलं जातं. जेमतेम पाणी पिणाऱ्याने वाढवावं, हे खरं. बंदरावर, मिठागरात, मासळीबाजारात उन्हात काम करणाऱ्यांचं पाणी हमखास कमी पडतं. पण पुरेसं पिणाऱ्याने आणखी दोन लिटर ढकललं तर फक्त लघवी वाढते.

इसबगोल: सगळ्यांना माहीत, योग्य मापात घेणारे थोडे

इसबगोलचा भुसा पाणी धरून फुगतो आणि शौच मऊ, सुटसुटीत करतो. गंमत अशी की जंतू तो फारसा खात नाहीत, त्यामुळे वायूही कमी होतो. 'इसबगोल घेतला, काही झालं नाही' म्हणणाऱ्याला चमचा दाखवायला सांगा. बहुतेक वेळा तो चहाचा छोटा चमचा निघतो, तोही रात्री आठवण झाली तर. फरक पडायला दिवसाला १० ग्रॅमच्या पुढे, निदान चार आठवडे, न चुकता घ्यावा लागतो.

- जेवणाच्या मोठ्या चमच्याने एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, एक मोठा पेला पाण्यात ढवळून लगेच प्या. जेली होईपर्यंत थांबू नका. वरून आणखी पाणी प्या.
- पहिला आठवडा एकदा, मग सकाळ-संध्याकाळ. गरज वाटली तर आणखी अर्धा चमचा.
- कोरडा तोंडात टाकू नका, आडवं पडून घेऊ नका. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा असल्याचा संशय असेल तर घेऊ नका.
- थायरॉइड, मधुमेह वगैरेंच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

इसबगोलने आराम पडण्याऐवजी फुगणं आणि अडणं वाढलं, तर ती खूण लक्षात ठेवा. पुढे 'दाराशी अडणं' वाचा.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर

दोष प्रोबायोटिकचा नाही, ते विकण्याच्या पद्धतीचा आहे. बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिससारख्या काही जंतूंनी काही चाचण्यांत आठवड्याला एखाद्या वेळेची भर घातली. त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाची नंतर चाचणी झाली, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे वाण बदलला की निकाल बदलतो. आणि मेडिकलमध्ये हातावर पडणारी कॅप्सूल पुष्कळदा जुलाबासाठी किंवा अँटिबायोटिकच्या जोडीला द्यायची असते. ती बद्धकोष्ठतेवर चालेल असं मानायला आधार नाही.

खोका उलटा करून वाचा:

१. जंतूचं पूर्ण नाव आहे का? नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' म्हणजे आडनावावरून माणूस शोधणं. जात आणि तिच्यापुढे वाणाची अक्षरं-आकडे हवेत.
२. जिवंत जंतूंची संख्या दिली आहे का? पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू असावेत, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.
३. 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलंय का? बघा, बहुधा असेल. म्हणजे कायद्याच्या लेखी ते औषध नाही, मग विकणाऱ्याने काहीही सांगो.
४. थंड जागी ठेवायला सांगितलंय का, आणि दुकानात ते कुठे ठेवलं होतं?

चार आठवडे घ्या, कॅलेंडरवरच्या नोंदी ताडा. फरक नसेल तर बंद करा, दुसऱ्या कंपनीची शोधत बसू नका. केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. घरचं दही-ताक जरूर खा. ते चांगलं अन्न आहे, बद्धकोष्ठतेचं औषध मात्र नव्हे, कारण विरजणात कुठले जंतू किती, याचा काहीच नेम नसतो.

चूर्ण, पावडर, सिरप: जंतूंशी यांचं नातं

सोनामुखीमुळे जंतू मरतात, ही भीती सोडा. उलट सोनामुखीतला घटक तसाच मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जंतू तो फोडतात, तेव्हा कुठे त्याचा परिणाम होतो. जंतूंशिवाय सोनामुखी चालतच नाही! तरीही अडचण आहे. बाजारातल्या चूर्णांत तिची मात्रा किती हे अनेकदा कळत नाही, माणूस स्वतःच ती वाढवत जातो आणि मूळ कारण वर्षानुवर्षं झाकलेलं राहतं. अधूनमधून घ्या, रोज लागत असेल तर डॉक्टरकडे जा. गरोदरपणात मनाने घेऊ नका.

लॅक्ट्युलोज सिरपसुद्धा जंतूच फोडतात, म्हणून त्याने वायू होतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीला जंतूंशी देणंघेणं नाही. ती फक्त पाणी धरून ठेवते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये जुनाट बद्धकोष्ठतेसाठी जी औषधं ठामपणे सुचवली, त्यांत ती आहे. डॉक्टरने रोज घ्यायला सांगितली तर 'सवय लागेल' म्हणून दोन दिवसांत बंद करू नका. रक्तदाबाची गोळी बंद करता का?

आणि हो, साध्या सर्दीला, एखाद्या जुलाबाला मनाने घेतलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. जंतूंची खरी धूळधाण होते ती इथे. वस्ती सावरायला आठवडे, कधी महिने लागतात.

तुमच्या गोळ्यांची पिशवी तपासा

जंतूंना बोल लावण्याआधी हे बघा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही आम्लपित्ताची औषधं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबावरची काही औषधं, मधुमेह-वजनासाठी निघालेली नवी इंजेक्शनं, या सगळ्यांनी पोट अडू शकतं. मधुमेह, थायरॉइड मंदावणं आणि कंपवात यांनीही अडतं. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बाळंतिणीने पोटासाठी परस्पर बंद करू नयेत. मात्रा किंवा प्रकार बदलून मिळतो, तसं मागा.

दाराशी अडणं

शौच मऊ आहे, कळ येते, तरी सुटत नाही, बोट लावावं लागतं, असं असेल तर दोष जंतूंचा नसण्याची शक्यता मोठी. जोर लावताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळले जातात. यावर चोथा, कॅप्सूल, चूर्ण यांचा फारसा उपयोग होत नाही. गुदाशयाचा दाब मोजण्याची तपासणी आणि बायोफीडबॅक नावाची स्नायूंना वळण लावणारी शिकवणी, हा त्याचा उपचार. बाळंतपणानंतर सुरू झालेल्या त्रासात बायकांनी हे आवर्जून सांगावं, लाजू नये. ही सोय मोठ्या रुग्णालयात असते, त्यासाठी मुंबई-नवी मुंबई गाठावी लागते.

कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. मोबाइल बाहेर ठेवा.

कामाच्या जागी दाबून ठेवता?

उरणात हा मुद्दा जंतूंपेक्षा मोठा असावा. जेएनपीए बंदराच्या वाटेवर ट्रेलरच्या रांगेत अडकलेला चालक, गोदामातला पाळीवाला, बाजारात टोपली सोडून उठता न येणारी कोळीण, हे सगळे कळ दाबतात, वर पाणीही पीत नाहीत. दाबत राहिलं की शौचातलं पाणी शोषलं जातं आणि कळ येणंच मंदावतं. उठल्यावर आणि जेवणानंतर आतड्याची हालचाल सर्वांत जोरात असते. रात्रपाळीवाल्याने घड्याळ न बघता, झोपून उठल्यावरच्या पहिल्या खाण्यानंतर दहा मिनिटं राखून ठेवावीत.

पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही मालकाची मेहेरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून ती त्याची कायदेशीर जबाबदारी आहे, कंत्राटी कामगारांच्या बाबतीतही. नसेल तर आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मग कामगार खात्याकडे जा. एकट्याने नको, पाच-सहा सह्या घ्या.

कुठे जायचं, काय न्यायचं

सुरुवात उरणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोप्रोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत. पुढे पाठवलं तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईचं जे. जे. रुग्णालय आहे. मुंबईला मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून निघा.

सोबत न्या: दोन आठवड्यांची नोंद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (चूर्णाचा डबासुद्धा), जुने अहवाल. डॉक्टर आधी गुदद्वाराची बोटाने तपासणी करतील, मग गरजेप्रमाणे रक्त, साखर, थायरॉइड. धोक्याची लक्षणं नसताना पहिल्याच भेटीत दुर्बीण सुचवली तर 'कशासाठी?' असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा, अहवालांच्या प्रती आणि तपशीलवार बिल मागण्याचाही आहे.

'पंधरा दिवसांत जंतू बदलून बद्धकोष्ठता कायमची बंद' अशा जाहिरातीला फसला असाल तर बिल, खोका आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तक्रार साध्या मराठीत करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.